स्पिनालोंगा : एका बेटावरची सोसायटी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या ‘प्रवासाच्या गोष्टी’ या कार्यक्रमात बी-विंगमधील एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. अनेकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



मला सांगितलं होतं, ‘काकू, तुम्ही युरोपवर बोला.’ पण आयफेल टॉवर आणि स्वित्झर्लंडचा बर्फ यांवर बोलायला आपल्याकडे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत, आणि त्यांचे फोटो आपण सगळ्यांनी ग्रुपवर पाहिलेले आहेत. मी बोलणार आहे ती एका छोट्या बेटाबद्दल. तिथे आम्ही दोघं जेमतेम तीन तास होतो. पण ते तीन तास अजून डोक्यातून जात नाहीत.

झालं असं, की गेल्या वर्षी आम्ही मुलाकडे नेदरलँड्सला गेलो होतो. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्याने आम्हाला क्रीटची तिकिटं काढून दिली. क्रीट म्हणजे भूमध्य समुद्रातलं, ग्रीसचं सगळ्यात मोठं बेट. आम्ही उतरलो होतो आयिओस निकोलाओस नावाच्या बंदराच्या गावी. तिथून रोज सकाळी बोटी सुटतात आणि तासाभरात स्पिनालोंगा नावाच्या बेटावर नेतात. आमच्या ह्यांना किल्ल्यांचं वेड, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ‘समुद्रातला किल्ला आहे’ एवढं ऐकल्यावर आदल्या रात्रीच ह्यांनी बूट पुसून ठेवले. मी पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. परदेशातसुद्धा आमची ट्रिप अशीच असते.

बोट निघाली. पाणी असं निळं, की खोटं वाटावं. वाऱ्याने ह्यांची टोपी उडाली, ती एका जर्मन आजोबांनी पकडून दिली. मग समोर बेट दिसायला लागलं. पाण्यातून थेट वर आलेले तट, गोल बुरूज. हे लगेच म्हणाले, ‘अगं, जंजिराच की!’ तसं अगदीच चूक नव्हतं. हा किल्ला व्हेनिसच्या लोकांनी १५७९ साली बांधायला घेतला. पुढे तुर्कांनी क्रीट जिंकलं. १६६९ मध्ये मोठी राजधानी पडली, तरी हा एवढासा किल्ला व्हेनिसकडेच राहिला. तो तुर्कांच्या हाती गेला थेट १७१५ साली. मग तिथे मुसलमान कुटुंबांचं गाव वसलं. हे सगळं हे मला बोटीवरच सांगत होते, हातवारे करून. मी दशम्या सांभाळत होते.

पण बेटावर पाय ठेवला आणि किल्ल्याची गोष्ट मागे पडली.

आत जायला दगडी भुयारासारखी एक अंधारी वाट आहे. तिला ‘दान्तेचा दरवाजा’ म्हणतात, म्हणजे नरकाचा दरवाजा. कारण १९०३ साली तिथल्या सरकारने ठरवलं की हे बेट कुष्ठरोग्यांसाठी ठेवायचं. पुढच्या वर्षी पहिले रुग्ण आणले. १९१३ मध्ये क्रीट ग्रीसला जोडलं गेलं, तेव्हा साऱ्या देशातून रुग्ण इथे येऊ लागले. समोरच्या किनाऱ्यावर प्लाका नावाचं गाव आहे. इतकं जवळ, की तिथल्या घरांच्या खिडक्या मोजता येतात. विचार करा, समोर माणसं राहताहेत, दिवे लागताहेत, आणि आपण मात्र या भुयारातून आत गेलो की परत जाणार नाही.

सुरुवातीची वर्षं फार वाईट होती. जुनी पडकी घरं, पावसाचं साठवलेलं पाणी, सरकारकडून तुटपुंजा भत्ता, आणि औषध तर नव्हतंच. हॅन्सन नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला होता. पण शोध लागला म्हणून उपाय थोडाच सापडतो!

मग १९३६ साली तिथे एक विशीतला मुलगा रुग्ण म्हणून आला. एपामिनोंडास रेमुंडाकिस त्याचं नाव. कायद्याचं शिक्षण घेत होता, ते अर्धवट राहिलं. त्याने काय केलं असेल? त्याने सोसायटी काढली! खरंच सांगते. नाव होतं ‘स्पिनालोंगाच्या रुग्णांचा बंधुसंघ’. सरकारकडे अर्ज करायचे, हक्क मागायचे, रस्ते झाडायचे, घरांना चुना लावायचा. म्हणजे आपल्या कमिटीचीच कामं. फक्त पार्किंगची भांडणं नव्हती.

(मागून हसू नका, मुद्दा गंभीर आहे.)

या लोकांनी तिथे कॉफीचं दुकान चालवलं. न्हाव्याचं दुकान होतं, शाळा होती, नाटकं व्हायची. तटाचा काही भाग सुरुंगाने फोडून त्यांनी बेटाभोवती फिरायला रस्ता केला. ज्यांच्या हातांची बोटं झडली होती, त्यांनी! प्रेमं जमली, लग्नं लागली, मुलं जन्मली. सरकारने त्यांना तिथे मरायला पाठवलं होतं. त्यांनी तिथे गाव उभं केलं.

आम्ही त्याच रस्त्याने चाललो. ऊन मी म्हणत होतं. दोन्ही बाजूंना छप्पर उडालेली घरं, दारांच्या चौकटी, त्यांच्यावरचा उडालेला निळा रंग. रोगमुक्तीच्या संताचं, संत पँटेलिमॉनचं एक छोटंसं चर्च आहे. मी चप्पल काढली आणि हात जोडले. देव कुठला का असेना. पुढे स्मशान आहे. सिमेंटच्या सपाट पेट्या, ओळीने. त्यांच्यावर नावं नाहीत.

आणि एक खोली आहे, निर्जंतुकीकरणाची. बेटावरून बाहेर जाणारी पत्रं, पैसे, सगळं तिथे वाफेत घालून मग पलीकडे जायचं. त्या खोलीच्या दारात आम्ही दोघं उभे होतो. हे हळूच म्हणाले, ‘आपण दुधाच्या पिशव्या धुवायचो, आठवतंय?’

मंडळी, इथे मला थोडं आपल्याबद्दल बोलायचं आहे. मे २०२०. तेव्हा मी सोसायटीची सेक्रेटरी होते. आपल्याच इमारतीत एक ताई राहतात, सरकारी रुग्णालयात नर्स आहेत. त्या रोज कोविड वॉर्डात जायच्या आणि रोज घरी यायच्या. आपण मोबाईलवर मीटिंग घेतली. कुणी म्हणालं लिफ्ट बंद करा, कुणी म्हणालं त्यांच्या मजल्यावरचा कचरा उचलू नका. शेवटी ठरलं, की त्यांना पत्र द्यायचं. ‘इतर सभासदांच्या सुरक्षिततेसाठी आपण आपली राहण्याची व्यवस्था अन्यत्र करावी.’ दुकानं बंद होती, प्रिंट काढता येईना. म्हणून ते पत्र मी हाताने लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे ना!

त्या ताई निघून गेल्या. दीड महिना रुग्णालयाच्या वसतिगृहात राहिल्या. त्यांची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. संध्याकाळी ती बाल्कनीत यायची, आई खाली फाटकाबाहेर उभी राहून हात हलवायची, आणि मी माझ्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायची.

आमची भीती खोटी नव्हती. ह्यांना मधुमेह आहे, रोज बातम्या येत होत्या, झोप उडाली होती. अंतर ठेवायला डॉक्टरही सांगतच होते. पण अंतर कसं ठेवायचं हे आम्ही त्या ताईंना विचारू शकलो असतो. आपल्या सगळ्यांत त्यातलं कळणारी ती एकटीच बाई होती! आम्ही तिलाच बाहेर काढलं. त्या घरी दूध कोण आणतं, मुलीचं जेवण कसं होतं, हा विषय मीटिंगमध्ये निघालाच नाही. इतिवृत्त मी पुन्हा वाचलंय, त्यात एक ओळ नाही.

तर, त्या खोलीच्या दारात हे मला म्हणाले, ‘तुला एक सांगायचंय. तेव्हा मी रोज रात्री दहानंतर त्यांच्या दाराशी डबा ठेवायचो. तू सेक्रेटरी, म्हणून तुला बोललो नाही.’

चाळीस वर्षांचा संसार, मंडळी! मी म्हटलं, ‘अहो, डब्यात काय द्यायचात? स्वयंपाक तर मीच करायचे.’ म्हणाले, ‘तुझ्याच हातची पोळीभाजी. तुला वाटायचं मी दोन पोळ्या जास्त खातो, आणि तू माझ्या साखरेवरून ओरडायचीस.’

मला हसावं की रडावं कळेना. तिथेच एका दगडावर बसले. दशम्या काढल्या, दोघांनी खाल्ल्या. समोर प्लाका गाव दिसत होतं. तिथले लोक बेटाच्या दरवाजाबाहेर भाजीपाला विकायला यायचे, बाजार भरायचा. म्हणजे भीती त्यांनाही असणारच, पण त्यांनी येणं सोडलं नाही.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. १९४०च्या दशकात सल्फोन गटातली औषधं आली, रुग्ण बरे व्हायला लागले, आणि १९५७ मध्ये वसाहत बंद झाली. उरलेल्यांना अथेन्सच्या रुग्णालयात नेलं. एक पाद्री मात्र १९६२ पर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या धर्मात मृत्यूनंतर पाच वर्षांपर्यंत ठरावीक दिवशी प्रार्थना करायची असते. शेवटच्या मृतांसाठी ती पुरी करूनच ते निघाले.

आपल्याकडे बाबा आमट्यांचं आनंदवन आहे, अमरावतीचं तपोवन आहे. आपल्यापैकी कित्येकांनी आनंदवनच्या सतरंज्या आणि चादरी घेतल्यात. आज हा रोग बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो, औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि उपचार सुरू झाले की रुग्णापासून इतरांना लागण होत नाही. तरी आपला १८९८चा कुष्ठरोग्यांना वेगळं ठेवण्याचा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते २०१९ साली काढलं. औषध येऊन किती वर्षं झाली, बघा. भीती जायला औषधापेक्षा जास्त वेळ लागतो.

या स्मरणिकेसाठी जुन्या फायली चाळायचं काम माझ्याकडे आलं. ते पत्र त्यात आहे. ‘पंचवीस वर्षांची वाटचाल’मध्ये गणपती, रंगकाम, सोलर, पाण्याची टाकी सगळं येईल, हे येणार नाही. म्हणून इथे बोलले. त्या ताईंना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘काकू, खुशाल सांगा. फक्त मला स्टेजवर बोलावू नका.’ म्हणून नाव घेत नाही. पण ताई, पत्राखाली सही माझी होती. मी चुकले. सगळ्यांसमोर माफी मागते.

आता शेवटचं. येत्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडणार आहे. कुठल्याही घरात आजारपण आलं, मग ते कसलंही असो, तर नोटीस काढण्याआधी कमिटीच्या दोघांनी त्या घरी फोन करायचा आणि चार गोष्टी विचारायच्या : दूध, औषध, कचरा आणि मुलं. बाकीचे नियम त्यानंतर. सूचक मी आहे. अनुमोदक आमचे हे. त्यांचा अनुभव दांडगा आहे.

विरोध असेल त्यांनी सभेत जरूर करावा, पण सभेला या. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब करायची वेळ यंदा तरी आणू नका!

खाली मसाला दूध तयार आहे.