निवृत्तीची पुंजी आणि निर्देशांक फंड
(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेअर बाजाराची भलामण युनियनच्या व्यासपीठावरून कशासाठी, असे काही साथींनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. भलामण करण्यासाठी मी उभा नाही. परंतु गेटबाहेर, कँटीनमध्ये आणि आता मोबाईलवरही आपल्या सभासदांना 'करमुक्त निवृत्ती योजना' विकल्या जात आहेत. सभासद शॉपमधल्या प्रतिनिधीला विचारतो, 'साहेब, घेऊ का?' त्याला हिशेबाने उत्तर देता आले पाहिजे, एवढ्यासाठी हा विषय घेतला आहे.

गरज किती आहे ते आधी पाहू. १६ नोव्हेंबर १९९५ रोजी कर्मचारी पेन्शन योजना लागू झाली. मालकाच्या १२ टक्के वर्गणीतील ८.३३ टक्के तिच्यात जातात, पण वेतनाची मर्यादा धरून. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ मध्ये १५,००० रुपये झाली. पेन्शन काढण्याचे सूत्र असे: वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. म्हणजे १५,००० च्या मर्यादेने ३५ वर्षे भरली, तरी महिना ७,५०० रुपये. त्यावर महागाई भत्ता नाही. हे बदलून घेण्याचा लढा आपला आहे आणि तो चालूच राहील. पण जो आज पंचेचाळीस वर्षांचा आहे, त्याचे घर निवृत्तीनंतर चालण्यासाठी पेन्शनशिवाय काही पुंजी हवीच.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. आपला पैसा बाजारात अगोदरच गेलेला आहे. ऑगस्ट २०१५ पासून भविष्यनिर्वाह निधी संघटना नव्याने जमा होणाऱ्या रकमेतील काही भाग सेन्सेक्स आणि निफ्टी या निर्देशांकांवर चालणाऱ्या फंडांत गुंतवू लागली. पहिल्या वर्षी ५ टक्के, मग १०, आणि २०१७ पासून १५ टक्के. कामगार प्रतिनिधींनी तेव्हा विरोध केला होता. फरक इतकाच की, पीएफमध्ये बाजार पडला तरी आपल्या पासबुकात जाहीर झालेले व्याज जमा होते. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होते. आपण स्वतः फंड घेतला की पडझड सगळी आपल्या अंगावर. हा फरक लहान नाही.

निर्देशांक फंड म्हणजे काय? निफ्टीत ५० मोठ्या कंपन्या असतात. त्या ज्या प्रमाणात निर्देशांकात आहेत त्याच प्रमाणात त्यांचे शेअर घेऊन ठेवायचे, एवढेच काम. कोणता शेअर वर जाईल हे ओळखणाऱ्या पंडिताला पगार द्यावा लागत नाही, म्हणून खर्च कमी. याच कारणासाठी असा फंड कामगाराने विचारात घ्यावा, असे माझे मत आहे. या खर्चाकडे कोणी पाहत नाही, म्हणून एक उदाहरण देतो. महिना २,००० रुपये २५ वर्षे भरले, म्हणजे एकूण ६ लाख. वर्षाला १० टक्के वाढ धरली, तर सुमारे साडेसव्वीस लाख होतात. त्याच वाढीतून दरवर्षी एक टक्का खर्च आणि कमिशन गेले, तर सुमारे बावीस लाख चाळीस हजार. एका टक्क्याने चार लाख खाल्ले! (१० टक्के हे हिशेबापुरते, तेवढे मिळतीलच याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.) २०१३ पासून प्रत्येक फंडाची 'डायरेक्ट' योजना असते. तिच्यात एजंटचे कमिशन नसते. निफ्टीचाच फंड, तेच पन्नास शेअर, पण 'रेग्युलर' योजनेत खर्च जास्त. फॉर्मवर हा एक शब्द वाचून घ्या.

आता 'करमुक्त' या शब्दाकडे येतो. शेअर आणि शेअरच्या फंडांवरील दीर्घ मुदतीचा नफा २००४ ते २०१८ या काळात खरोखर करमुक्त होता. एजंटांच्या तोंडी तेच जुने बोल आहेत. एप्रिल २०१८ पासून कर पुन्हा आला. २३ जुलै २०२४ पासून हिशेब असा की, युनिट एक वर्षापेक्षा जास्त ठेवले असतील तर वर्षातील सव्वा लाख रुपयांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के. बचतीवरची दीड लाखाची वजावट, जी आपण ८०-सी म्हणून ओळखतो, ती फक्त जुन्या करपद्धतीत मिळते आणि साध्या निर्देशांक फंडाला तीही नाही. ज्याने नवी पद्धत निवडली आहे त्याला 'कर वाचेल' म्हणून तीन वर्षे अडकणारा फंड विकणे ही फसवणूकच. खऱ्या अर्थाने करमुक्त म्हणावेत असे दोन पर्याय: पीएफ आणि पोस्टात किंवा बँकेत उघडता येणारा पीपीएफ. पीएफमध्येही पाच वर्षे सलग सेवा हवी, आणि २०२१ पासून कामगाराची स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांवर गेली तर वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो. आपल्यापैकी फार थोड्यांची वर्गणी तेवढी असेल.

म्हणून माझा क्रम असा आहे. आधी पतपेढीचे कर्ज फेडा. १२ टक्क्यांचे कर्ज फेडणे म्हणजे १२ टक्के खात्रीची कमाई, तीही करमुक्त. कर्ज डोक्यावर ठेवून फंडात हप्ते भरण्यात शहाणपण नाही. मग तीन-चार महिन्यांचा घरखर्च बँकेत. मग पगारातून ऐच्छिक पीएफ वाढवा, कारण त्याला पीएफचाच दर मिळतो. इतके करून जे उरेल, आणि ज्याला दहा-पंधरा वर्षे हात लावावा लागणार नाही, तेवढेच निर्देशांक फंडात. निवृत्तीला तीनच वर्षे राहिली असतील त्याने या वाटेला जाऊच नये. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० वर होता. मार्च २००९ मध्ये ८,००० च्या घरात. त्या मधल्या काळात ज्याच्या मुलीचे लग्न निघाले, त्याने काय केले असेल? २०२० मध्ये तर निफ्टी दोन महिन्यांत १२,००० वरून ७,६०० वर आला.

'आम्ही यूएस-६४ मध्ये पोळलो आहोत,' असे जुने साथी म्हणतील. जुलै २००१ मध्ये त्या योजनेची खरेदी-विक्री सहा महिने बंद केली गेली, हे मलाही आठवते. पण तेथे युनिटचा भाव युनिट ट्रस्ट स्वतः ठरवून जाहीर करीत असे. आतल्या मालमत्तेच्या खऱ्या किमतीशी त्याचा मेळ नव्हता. आजच्या फंडाचा भाव रोजच्या बाजारभावाने निघतो. तोटा व्हायचाच तर तो दिसतो, झाकला जात नाही. यामुळे धोका जात नाही, पण तो धोका वेगळ्या जातीचा आहे.

फंड घेताना 'ग्रोथ' पर्याय घ्या. लाभांशाचा पर्याय घेतला तर २०२० पासून तो लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो. आणि पैसे काढताना घाई करू नका. समजा निवृत्तीच्या वेळी नफा २० लाख झाला. एकाच वर्षी सगळे विकले तर १८ लाख ७५ हजारांवर कर, उपकर धरून २,४३,७५० रुपये. तेच दरवर्षी दोन लाख नफा निघेल असे दहा वर्षांत काढले, तर वर्षाला ९,७५०, एकूण ९७,५०० रुपये. पुढची चढउतार यात धरलेली नाही. गरजेपुरते काढले तर बाकीचा पैसा कामालाही राहतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफमधून पैसे काढणे सोपे करण्याचे निर्णय केंद्रीय विश्वस्त मंडळाने घेतले. अडचणीच्या वेळी ही सोय चांगली आहे. पण पीएफ काढून फंडात टाका, असा सल्ला देणारे आता भेटतील. त्यांना साफ नाही म्हणा. इंदूर असो, भिलई असो की सुरत, पीएफचे नियम सगळीकडे तेच आहेत, आणि तेथील व्याज करमुक्त आहे.

शेवटी नामनिर्देशन. लग्नाआधी आईचे नाव लावलेले आणि नंतर कधीच न बदललेले कितीतरी सभासद आहेत. पीएफच्या पोर्टलवर आणि फंडाच्या फोलिओवर नाव तपासा. पुढच्या बैठकीला येताना पगारपत्रक आणि पासबुक बरोबर आणा. ज्यांना आपापला हिशेब मांडून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी मी सभा संपल्यावर थांबणार आहे.