चवदार तळ्याच्या गावी आपले स्वागत



विमानातून लेसर सोडून डोंगरांचे नकाशे करणाऱ्यांची परिषद महाडला भरणार, हे कळल्यापासून गावाला लग्नघराची कळा आली आहे. सावित्री आणि गांधारीच्या काठचे हे जुने बंदर. गंधारपाल्याची बौद्ध लेणी हाकेच्या अंतरावर, रायगड शेजारी, सव गावी गरम पाण्याचे झरे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख इथल्याच नाते गावी जन्मले. सगळे दाखवायला तीन दिवस अपुरे पडतील, तरी चवदार तळे पाहिल्याशिवाय कोणी महाड सोडू नये, ही विनंती.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या तळ्याचे पाणी प्याले, हे जग जाणते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तो कागदावर राहिला. तो पाण्यापर्यंत नेण्यासाठी जे उभे राहिले, त्यांत नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस होते. आम्ही त्यांना सुरबानाना म्हणतो. स्वतःच्या समाजाचा रोष पत्करणे सोपे नव्हते. १९२७ च्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला, हेही आम्ही लपवत नाही. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. तळ्याच्या हक्काचा खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ साली निकाल लागला. सुरबानाना आणि फत्तेखान ही नावे आमच्या मुलांना पाठ असायला हवीत, म्हणून आज ती इथे मोठ्याने घेतो.

आता आपल्या विषयाकडे येतो. मी व्यापारी माणूस; समजले तेवढेच सांगतो. विमानातून सेकंदाला लाखो किरणे सोडतात. बहुतेक पानाफांद्यांवरून परततात, पण काही फटींतून थेट मातीला टेकून येतात. तेवढीच वेगळी काढली की रान उतरवलेला डोंगर समोर येतो : जुन्या भेगा, खचलेले कडे, पूर्वी कधीतरी वाहून आलेल्या दरडींचे ढीग. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ओसो इथे २०१४ साली दरड कोसळून ४३ माणसे गेली. त्या खोऱ्यातल्या जुन्या दरडींचे व्रण लेसरच्या नकाशात आधीपासून दिसत होते. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. जुलै २००५ मध्ये याच तालुक्यातली जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते ही गावे दरडींखाली आली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गेले. त्या दिवशी बाजारपेठेतही पाणी होते आणि आम्ही माडीवर अडकलो होतो. शेजारच्या गावाला मदतीला जाता आले नाही. ते आजही सलते. आमच्या डोंगरांवर दाट रान आहे. खालची माती कुठे सुटली आहे, हे पायी हिंडणाऱ्याला दिसत नाही. आपल्याला दिसू शकते. म्हणून हात जोडून सांगतो, आमच्या डोंगरांचा नंबर लवकर लावा.

व्यवस्थेत उणिवा आहेत. काहींची सोय शाळेच्या वर्गांत करावी लागली. गरम पाणी सकाळी साडेसातपर्यंतच मिळेल. महामार्गाने ज्यांना हाल सोसावे लागले, त्यांची मनापासून क्षमा मागतो. काल वीज गेल्याने रात्रीच्या जेवणाला उशीर झाला, तो दोष सर्वस्वी आमचा.

मंडपासाठी मैदान देणारे शेतकरी कुटुंब, बाजारपेठेतले व्यापारी (पुरातून दुकाने पुन्हा उभी करणाऱ्या या लोकांनी वर्गणीला एकदाही नाही म्हटले नाही), तांदूळ देणारे गिरणीमालक, नाव जाहीर करू नका असे बजावणारे दोन देणगीदार, पहाटे चारपासून तांदळाच्या भाकऱ्या थापणाऱ्या आणि वालाचे बिरडे रांधणाऱ्या बचत गटांच्या भगिनी, भाडे न घेता पाहुणे आणणारे रिक्षावाले, या सर्वांचा मी ऋणी आहे. कोणाचा उल्लेख राहिला असेल तर त्यांनी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे.

उद्या सकाळी सात वाजता तळियेकडे गाड्या निघतील. गावकरी आपली वाट पाहत आहेत. चहा तिथेच होईल. तसा त्यांचा आग्रह आहे.

स्वागत समितीच्या आणि समस्त महाडकरांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत करतो.