मुलींची सायकल चालेल कुठून?

गटाचा माल विकायला आम्ही पुण्याला गेलो, तेव्हा जंगली महाराज रस्त्याच्या रुंद पदपथावरून डोक्यावर पाट्या घेऊन दोघी-दोघी चाललो. मागून हॉर्न नाही, की गाडीची भीती नाही. पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं. भारतीय रस्ते काँग्रेस म्हणते, पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी.

आणि आपल्या फाट्यावर? डांबर गुळगुळीत झालं, गाड्या सुसाट झाल्या, साइडपट्टीत मात्र खड्डे. आपल्या मुली तिथूनच सायकलनं शाळेत जातात.

ग्रामसभेआधी महिला सभा असते. तिथं ठराव मांडू: साइडपट्टी भरा, शाळेपाशी गतिरोधक करा, फाट्यावर दिवा लावा. ठराव बांधकाम विभागाकडे पाठवायला लावू, पोच मागू. येताय ना?