ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी



अंध विद्यार्थ्यांसाठी वाचक आणि लेखनिक मिळवून देण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून तरुणांना सेवाकार्याकडे कसे वळवावे याविषयी मी चार शब्द सांगावेत, अशी प्राचार्यांची आज्ञा आहे. परंतु ज्या वास्तूत या कार्याची दीक्षा मला मिळाली, तिच्या पायऱ्या चढताना विषयाच्या आधी माणसेच आठवू लागली. जिन्याशेजारच्या ज्या खोलीत आता संगणक मांडलेले दिसले, तेथे आमचे तर्कशास्त्राचे प्राध्यापक बसत. फलकावर सूचना लावून त्यांनी स्वयंसेवक कधीच मागवले नाहीत. व्हरांड्यात एखाद्याला नावाने हाक मारून ते म्हणत, “रविवारी सकाळी नऊला वसतिगृहावर जा. एक विद्यार्थी तुझी वाट पाहत असेल, त्याला अर्थशास्त्र वाचून दाखवायचे आहे.” सवड आहे काय, आवड आहे काय, अशी पृच्छा नसे, मात्र त्या स्वरात विश्वास एवढा असे, की नकार देण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. पुढे एखाद्या रविवारी ते स्वतः येऊन दाराशी उभे राहत, आणि पुस्तकातील आकृती आम्ही गाळून पुढे गेलो, तर मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे कसा उतरत जातो, हे न पाहणाऱ्याला शब्दांनी कसे दाखवावे, ते शिकवत.

तरुण येत नाहीत, ही तक्रार मी सर्वत्र ऐकतो, आणि ती मला मान्य नाही. नाव घेऊन बोलावले, खरे काम सोपवले आणि ते शिकवायला कोणी जाणता सोबत राहिला, तर तरुण येतात. ते टिकत नाहीत, हे मात्र खरे; आणि म्हणून माझे आग्रहाचे सांगणे एकच आहे, की सेवेला वार आणि वेळ असावी. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाकडून वर्षाकाठी 120 तासांची अपेक्षा असते. आठवड्यांवर वाटले, तर ते सव्वादोन तासांहून किंचित अधिक भरतात. योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराला मी गौण मानत नाही. सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत बाबा आमट्यांनी कित्येक तरुणांच्या हाती कुदळ दिली आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. परंतु शिबिराचा उत्साह परतीच्या गाडीत ओसरू द्यायचा नसेल, तर त्याला आठवड्याच्या हजेरीचे बंधन हवे.

आमच्या कामात हे बंधन किती निकडीचे आहे, ते थोडक्यात सांगतो. परीक्षेत लेखनिक घेणाऱ्याला तासामागे किमान 20 मिनिटे जादा मिळावीत, असे शासनाचे मार्गदर्शन आहे. पण कबूल झालेला लेखनिकच त्या सकाळी आला नाही, तर वर्षभर कानांनी अभ्यास केलेल्या मुलीने त्या मिनिटांचे काय करावे? तिला दया नको असते. आपले उत्तर जसेच्या तसे उतरवणारा, आणि वेळेवर येणारा, माणूस तिला हवा असतो.

पालकांच्या रांगेत काही चेहरे चिंतातुर दिसतात. माताभगिनींनो, मोठ्याने वाचणाऱ्या मुलाचा स्वतःचा अभ्यास बुडत नाही. उलट, दुसऱ्याला समजेल असे वाचताना त्यालाच तो विषय प्रथम उलगडतो, हे मी पुनःपुन्हा पाहिले आहे. संस्थेच्या संचालकांना माझी विनंती आहे, की जिन्याशेजारची ती खोली रविवारी सकाळी उघडी ठेवण्याची तजवीज करावी. आणि प्राध्यापकहो, सेवेच्या दाखल्यावर सही करण्यापूर्वी तो विद्यार्थी कोणाकडे, कोणत्या वारी जात होता, एवढे त्याला अवश्य विचारा.

आता अकरावीच्या मुलामुलींना. बारावीच्या परीक्षार्थीचा लेखनिक त्याच्याहून खालच्या इयत्तेतला असावा लागतो, त्यामुळे हे काम तुमच्याच वाट्याचे आहे. परीक्षा जवळ आल्या आहेत आणि लेखनिकांची यादी अपुरी आहे. कार्यक्रम संपल्यावर कार्यालयात नाव नोंदवा, नावापुढे आपला वार आणि वेळ लिहा, आणि त्या वेळी जा.