लुसैलच्या प्रेक्षागारात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत यापूर्वी संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि बंगाल-महाराष्ट्राच्या ऋणानुबंधावर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीला फुटबॉलचा विषय घेऊन बसणे म्हणजे सोवळ्यातल्या पंगतीत बूट घालून शिरण्यासारखे आहे. परंतु कार्यकारिणीचाच आग्रह पडला. २०२२ च्या नोव्हेंबरात मंडळाचे आम्ही पाच सभासद विश्वचषकातील एक सामना पाहण्यासाठी कतार देशी जाऊन आलो, त्याची हकीकत या वर्षी सांगावी, असे ठरले. हकीकत सांगूच, पण तिच्याबरोबर एक प्रश्नही मांडावयाचा आहे, कारण तो आम्हांला तेथे तोंडावर विचारला गेला. ज्या देशाशी आपला रक्ताचा वा भाषेचा काडीइतका संबंध नाही, त्या देशाच्या संघासाठी तिसऱ्याच देशात जाऊन घसा फोडणारा मनुष्य खरा चाहता म्हणावा, की सोंगाड्या?

कलकत्त्यातील मराठी माणसाला हा प्रश्न तसा नवा नाही. या शहरात नवागताला विचारला जाणारा पहिला प्रश्न नावगावाचा नसतो; 'मोहन बागान की ईस्ट बंगाल?' हा असतो. बंगाली माणसाला त्याचे उत्तर पाळण्यातच मिळते. पश्चिम बंगालचा 'घोटी' असेल तर १८८९ साली स्थापन झालेले मोहन बागान; पूर्व बंगालातून आलेला 'बाङाल' असेल तर १९२० चे ईस्ट बंगाल. एकाच्या विजयाने कोळंबी महागते, दुसऱ्याच्या विजयाने हिलसा. आपण मराठी लोक घोटीही नव्हे आणि बाङालही नव्हे. तेव्हा आपल्या वाडवडिलांनी व्यवहारी तोडगा काढला: घरमालकाचा जो संघ, तोच आपला! पुढे भाडेकरूची पोरे घरमालकाच्या पोरांपेक्षाही कडवी निघाली, ही गोष्ट निराळी. आमच्या पाचांत दोघे मोहन बागानवाले, दोघे ईस्ट बंगालवाले आणि पाचवे मूळचे कोल्हापूरचे. कोल्हापूरकराला फुटबॉल शिकवावा लागत नाही. तेथील पेठापेठांतल्या तालमींनी कुस्तीच्या जोडीला हा खेळ जोपासला आहे, आणि पाटाकडील व दिलबहार यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला म्हणजे सख्खे शेजारी त्या दिवसापुरते एकमेकांना ओळखत नाहीत.

आर्जेंटिना आमच्या घरात आला तो दूरदर्शनच्या पेटीतून. २२ जून १९८६ या दिवशी, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले असता, मेक्सिको शहरातील अस्तेका मैदानावर आर्जेंटिना आणि इंग्लंड समोरासमोर उभे राहिले. मध्यंतरानंतर चार मिनिटांच्या अवधीत माराडोनाने दोन गोल केले. पहिला हाताने, दुसरा अर्ध्या मैदानापलीकडून चेंडू घेऊन इंग्रजांची फळी एकट्याने चिरीत. पहिला गोल अन्याय्य होता हे त्या रात्री आमच्या गल्लीत कोणीही बोलले नाही. फॉकलंडच्या १९८२ च्या युद्धामुळे आर्जेंटिनाच्या लोकांना त्या विजयाचे काय मोल होते, हे जगाला ठाऊक आहे. पण कलकत्ता का नाचले? या शहराच्या मनात २९ जुलै १९११ हा दिवस आहे. त्या दिवशी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, अकरा खेळाडूंपैकी दहा अनवाणी होते. पंचाहत्तर वर्षांनंतर अस्तेकावर आम्ही तोच सामना पुन्हा पाहिला. आर्जेंटिनाचा हिशेब वेगळा होता, आपला वेगळा. ऋणको मात्र एकच होता.

परदेशी जाऊन सामना पाहण्याची हौसही या शहरात आमच्यापासून सुरू झालेली नाही. खिदिरपूरच्या एका दाम्पत्याने १९८२ च्या स्पेनपासून २०१८ च्या रशियापर्यंत दहा विश्वचषक पाहिले, तेही पोटाला चिमटा घेऊन आणि निवृत्तिवेतनातून पैसा राखून. आमची एक वारी त्यांच्या दहा वाऱ्यांपुढे काय? आमच्यातील ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते मात्र आपली पुण्याई याहून थोर मानतात. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ईडन गार्डन्सवर न्यूयॉर्क कॉसमॉसकडून मोहन बागानविरुद्ध खेळलेला पेले त्यांनी प्रत्यक्ष पाहिला आहे. त्यामुळे आबा ब्राझीलचे. आर्जेंटिनाच्या सामन्याला ते आमच्यासोबत आले ते, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, 'साक्षीदार म्हणून'.

प्रवासाचा तपशील थोडक्यात सांगतो. व्हिसाऐवजी 'हय्या' नावाचे ओळखपत्र भ्रमणध्वनीवर मिळे. त्यावरच देशात प्रवेश, आणि सामन्याच्या तिकिटासह मेट्रोचा प्रवास फुकट. परदेशी प्रेक्षकासाठी साखळी सामन्याचे सर्वांत स्वस्त तिकीट २५० रियालांचे, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने साडेपाच हजार रुपयांच्या आसपास. कतारमध्ये वास्तव्य असणाऱ्यांसाठी ४० रियालांचाही एक वर्ग होता. तिकीट स्वस्त, निवास महाग, असा प्रकार. परंतु तेथे नोकरीस असलेल्या एका मराठी कुटुंबाने आम्हां पाचांना आसरा दिला आणि वहिनींनी चार दिवस ज्वारीच्या भाकरीसुद्धा घातल्या. २० नोव्हेंबरला आम्ही दोह्यात उतरलो. त्या संध्याकाळी यजमान कतार सलामीचाच सामना इक्वेडोरकडून ०-२ असा हरले. सूक वाकिफच्या बाजारात एक केनियन तरुण भला थोरला फेसाचा पंजा हातात घेऊन 'मेट्रो, दिस वे' असा घोष करीत रस्ता दाखवीत होता आणि येणारे-जाणारे त्याला तालावर साद देत होते. त्या स्पर्धेत गोलांखालोखाल गाजली ती ही आरोळी.

त्या शहरात आम्ही पाहुणे होतो खरे, पण अनोळखी नव्हतो. टॅक्सीवाला मलबारचा, उपाहारगृहातला पोरगा नेपाळचा, आमच्या इमारतीचा रखवालदार चितागाँगचा. त्याच्याशी आम्ही बंगालीत बोललो, तेव्हा त्याने खुर्ची पुढे केली. आठही मैदाने ज्यांच्या हातांनी उभी राहिली ते बहुतांशी आपल्याच उपखंडातले कामगार. त्यांचे हाल, उन्हाने खचलेले देह आणि मृत्यूंच्या आकड्यांवरून झालेले वाद यांविषयी जगभर लिहिले गेले. पुढे नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट गेली आणि मार्च २०२१ पासून दरमहा किमान १००० रियाल मूळ वेतन लागू झाले, हेही खरे. औद्योगिक वसाहतीजवळच्या 'एशियन टाउन'मध्ये क्रिकेटच्या मैदानावर या कामगारांसाठी मोठा पडदा लावला होता. आमचा रखवालदार सामने तेथेच पाही. त्याच्याही अंगात निळी-पांढरी पट्ट्यांची बंडी होती. आमची कलकत्त्यात घेतलेली, त्याची दोह्यात. पाठीवरचा आकडा दोन्हींवर १०.

याच बंडीवरून प्रश्न उपस्थित झाला. स्पर्धेच्या तोंडावर दोह्याच्या समुद्रकाठी मलबारी तरुणांनी आर्जेंटिना, पोर्तुगाल, इंग्लंड यांच्या रंगांत ढोल वाजवीत मिरवणुका काढल्या होत्या. त्या पाहून युरोपातील काही वृत्तपत्रांनी लिहिले की, हे चाहते खोटे, पैसे देऊन उभे केलेले आहेत. आयोजकांनी आरोप झटकला. काही देशांतील निवडक चाहत्यांना आयोजकांनी स्वखर्चाने नेल्याचे वृत्त त्याच सुमारास प्रसिद्ध झाले होते, तेव्हा संशयाला अगदीच आधार नव्हता असे नाही. पण संशय जाऊन बसला तो बरोबर काळ्यासावळ्या चेहऱ्यांवर! २१ तारखेच्या संध्याकाळी समुद्रकाठी एका वार्ताहराने आमच्यासमोर ध्वनिक्षेपक धरून विचारले, 'तुम्ही खरोखर आर्जेंटिनाचे चाहते? पैसे कोणी दिले?' आमचे कोल्हापूरकर शांतपणे उत्तरले, 'भविष्यनिर्वाह निधीने.' वार्ताहराला ते कळले असेल असे वाटत नाही. ज्या कोझिकोड जिल्ह्यात नदीच्या पात्रात मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो यांच्या अजस्र प्रतिमा उभ्या राहतात, तेथला मनुष्य आपल्या संघाची निवड कोणत्या कार्यालयात जाऊन करीत नाही, हे त्याला कोणी समजावून सांगावे?

२२ नोव्हेंबर. लुसैलचे मैदान, दुपारचा एक. सोन्याच्या परडीसारखे ते प्रेक्षागार, आणि आत ८८,००० माणसे. आमची जागा गोलामागे, वरच्या मजल्यावर. प्रतिपक्ष सौदी अरेबिया. शेजारचा देश, खुष्कीच्या वाटेने मोटारी भरभरून आलेला. एक बाजू संपूर्ण हिरवी. आर्जेंटिना त्यापूर्वीच्या ३६ सामन्यांत अपराजित. दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला आणि आम्हांला वाटले, आता मोजदाद तेवढी करायची. पहिल्या अर्ध्यात आणखी तीन वेळा चेंडू जाळ्यात गेला आणि तिन्ही वेळा गोल ऑफसाइड ठरला. आम्ही तीनदा उठलो, तीनदा बसलो. आबा तेवढे बसूनच होते. सौदींची बचावफळी धाडसाने पुढे सरकून सापळा लावीत आहे, हे पेलेच्या काळातल्या त्या माणसाने आमच्याआधी ओळखले.

मध्यंतरानंतर ४८ व्या मिनिटाला अल शेहरी, ५३ व्या मिनिटाला अल दौसरी. दुसरा गोल ज्याने पाहिला त्याने शत्रूचा असूनही तो मनात ठेवला असेल. चौकटीच्या कडेवर वळून, बचाव करणाऱ्यांना हुलकावणी देऊन, चेंडू दूरच्या कोपऱ्यात वळवलेला. त्यानंतर गोलरक्षक अल ओवैस भिंतीसारखा उभा राहिला. शिटी वाजली तेव्हा २-१. सौदी राजाने दुसऱ्या दिवसासाठी देशभर सुटी जाहीर केली.

आमच्या भोवती आर्जेंटिनाहून आलेले लोक होते. कोणी वर्षभराची बचत खर्चून, कोणी मोटार विकून आलेला. ते रडत नव्हते. निश्चल बसले होते. आणि आम्ही? खोटे कशाला सांगू, घशात आवंढा होता. तो उसना नव्हता. पण त्यांच्या गप्प बसण्यात जे होते ते आमच्यापाशी नव्हते, हेही तेव्हाच जाणवले.

मेट्रोच्या नागमोडी रांगेत बराच वेळ गेला. कठड्यांमधून मुंगीच्या पावलाने सरकताना काहींनी कुरकुर केली. पण १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर सोळा प्रेक्षकांचे प्राण गेलेले ज्यांना आठवते, ते अशा रांगेला नावे ठेवीत नाहीत. रांगेत आमच्यापुढे रोझारिओचे, मेस्सीच्याच गावचे, साठीचे एक गृहस्थ होते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणे झाले. त्यांना आमच्या कोणत्याही अधिकारपत्राची गरज वाटली नाही. एकच विचारले: 'घरी तुमचा क्लब कोणता?' आमच्यातल्या चौघांनी एकाच वेळी दोन नावे उच्चारली आणि तेथेच जुंपली. गृहस्थ पोट धरून हसले. रोझारिओतही दोनच धर्म, नेवेल्स आणि सेंट्रल. भाऊ भावाशी बोलत नाही. आम्ही खरे की खोटे, हा निकाल त्यांच्यापुरता त्या भांडणाने लागला होता.

मग मागच्या तरुणांनी हरलेल्या मनःस्थितीतही 'मुचाचोस' हे गाणे म्हणायला आरंभ केला. जुन्या चालीवर एका चाहत्याने नवे शब्द बसवलेले हे गीत त्या महिन्यात त्यांचे राष्ट्रगीतच झाले होते. चाल सोपी, आम्हीही आवाज मिसळला. त्यातला 'माल्विनास' हा शब्द कानी पडताच गृहस्थांनी टोपी काढली, आणि गाणे संपल्यावर अर्थ सांगितला. माल्विनास म्हणजे फॉकलंड. तेथे पाठवलेल्या पोरांची त्यात आठवण आहे. त्या युद्धात आर्जेंटिनाचे ६४९ लोक मेले, आणि त्यांत अठरा-एकोणीस वर्षांची सक्तीने भरती केलेली मुले पुष्कळ होती. ते स्वतः त्याच वयोगटातले. एवढे सांगून त्यांनी टोपी पुन्हा घातली.

आम्ही ज्या पराभवाचा १९८६ साली गल्लीत गुलाल उधळला, त्याच्या मागे ही मुले होती. आमच्या मागे १९११ चे अनवाणी पाय होते. परका चाहता दुसऱ्याच्या संघात स्वतःचा इतिहास ठेवून येतो. म्हणून त्याचे प्रेम खोटे ठरत नाही. मात्र ते यजमानाचे प्रेमही नव्हे, आणि त्याने तसे समजूही नये. भाडेकरूने घरावर जीव लावावा, तुळशीला पाणी घालावे. सातबारा पाहू नये. या शहरात आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आलो नाही काय?

पुढचे आपणांस ठाऊक आहे. त्याच लुसैलच्या मैदानावर १८ डिसेंबर २०२२ रोजी आर्जेंटिनाने फ्रान्सशी ३-३ अशी बरोबरी करून पेनल्टींवर ४-२ असा विश्वचषक जिंकला. तो सामना आम्ही मंडळाच्या याच सभागृहात पडद्यावर पाहिला. आबांचा ब्राझील ९ डिसेंबरलाच क्रोएशियाकडून गारद झाला होता, तरी लाडू त्यांनीच आणले. आर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेने बांगलादेश, केरळ, भारत आणि पाकिस्तान यांतील चाहत्यांचे नावे घेऊन जाहीर आभार मानले. बंगालचे नाव निराळे नव्हते, याबद्दल आमच्या चौघांत पहिल्यांदाच एकमत झाले. ढाक्यातील आर्जेंटिनाची वकिलात १९७८ मध्ये बंद झाली होती. २७ फेब्रुवारी २०२३ रोजी ती पुन्हा उघडली, त्यासाठी त्यांचे परराष्ट्रमंत्री जातीने आले. परराष्ट्रखात्यांची व्यापाराची गणितेही त्यामागे असणारच, पण त्या बंडीचा वाटा कोणी नाकारला नाही.

त्याच सुमारास रोझारिओच्या गृहस्थांचा संदेश आला. विश्वचषकाविषयी त्यात अवाक्षर नव्हते. हिरवा-मरून की लाल-सोनेरी, यंदा कोण पुढे आहे, एवढेच विचारले होते. उत्तर कोणी लिहायचे यावर आमच्यात अद्याप वाद चालू आहे.