पिशवीच्या तळाशी असलेली पुडी

श्रोतेहो, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या मुंबईच्या उपनगरांत गावाकडचा पाहुणा येतो, तो दर वेळी लग्नकार्यालाच येतो असे नाही. पुष्कळदा त्याच्या हाती तपासणीच्या कागदांची पिशवी असते आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची लोकल गाठून त्याला परळच्या टाटा रुग्णालयात जायचे असते. १९४१ पासून हे रुग्णालय कर्करोग्यांचा मोठा आधार आहे. पण त्या पिशवीच्या तळाशी कधी कधी एक पुडीही असते. कोणा जाणत्याने दिलेली, आणि ‘डॉक्टरांना सांगू नका हं’ असे बजावून दिलेली. आज बोलायचे आहे ते या पुडीविषयी.

मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. महाविद्यालयात संस्कृत शिकवतो. तेव्हा आरंभ जुन्या ग्रंथापासून करू. सुश्रुतसंहितेत ‘अर्बुद’ नावाच्या गाठीचे वर्णन आहे. अर्बुद म्हणजे तंतोतंत आजचा कर्करोगच, असा माझा दावा नाही. पण सुश्रुत त्यावर शेक सांगतो, लेप सांगतो, आणि शस्त्रही सांगतो. दोषाचा अंश मागे राहिला तर गाठ पुन्हा उद्भवते, म्हणून ती निःशेष काढावी, असे त्याचे सांगणे आहे. आयुर्वेदाचे नाव पुढे करून शस्त्रक्रिया टाळणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

मग जुन्या विद्येला आज जागाच नाही काय? आहे तर! टाटा रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० स्त्रियांवर एक अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०२२ साली मांडले गेले. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार हे ज्याला जे लागू ते दोन्ही गटांत होतेच. एका गटाने नेहमीचे व्यायाम केले. दुसऱ्याने सोपी आसने, मध्ये विश्रांती आणि प्राणायाम. पहिल्या गटाशी ताडून पाहता, रोग न उलटता जगण्यात दुसऱ्या गटात सुमारे १५ टक्के सुधारणा दिसली. एका अभ्यासाने शेवटचा निवाडा होत नाही, हे खरे. पण योग इथे उपचाराच्या जोडीला होता, उपचाराच्या जागी नव्हता, हे विसरू नका.

वनस्पतींचेही तसेच. अंगणातल्या सदाफुलीपासून विन्क्रिस्टीन हे औषध मिळाले. रक्ताच्या कर्करोगात ते मुलांनाही देतात. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असते. त्यापासूनही कर्करोगावरची औषधे बनली आहेत. म्हणून कोणी सदाफुलीची पाने चघळू लागेल, तर ते विषच ठरायचे! शुद्ध करून, मोजून, शिरेतून दिले तेव्हा ते औषध झाले.

आता पुडीचा धोका काय? काही वनस्पती केमोथेरपीच्या औषधाचे रक्तातले प्रमाण कमी-जास्त करतात. काही भस्मांत शिसे किंवा पारा असतो. त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे वेळ जाणे. अमेरिकेत येल येथील संशोधकांनी २०१८ साली दाखवले, की बरा होण्याजोगा कर्करोग असताना ज्यांनी केवळ पर्यायी उपचार घेतले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट होता.

रोगी पुडी लपवतो तो लबाडीने नव्हे, डॉक्टर रागावतील या भीतीने. तेव्हा डॉक्टरांनीही रागावू नये, विचारावे. आणि तुम्ही पुडी, काढा, भस्म, जे काही असेल ते डब्यासकट डॉक्टरांपुढे ठेवा. देणाऱ्या वैद्यालाही केमोथेरपीचे कागद दाखवा. खरा वैद्य कागद पाहायला नकार देणार नाही.

गावातल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. तुमच्या शब्दाला घराघरांत मान आहे. कोणाला न दुखणारी गाठ, न भरणारे तोंडातले व्रण दिसले, तर ‘आधी तपासून घ्या’ एवढे तुम्ही सांगा. सोबत कोणतीही असो, वाट मात्र चुकता कामा नये.