वाढत्या अंगाचा ट्रॅक्टर

(आकाशवाणीवरील भाषण)

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, ट्रॅक्टर कोणता घ्यावा, या विषयावर मला आज बोलायला सांगितलं आहे. कंपन्यांची नावं इथून घेता येत नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. मला बोलायचं आहे ते मापाबद्दल. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हास नदीच्या काठाकाठानं म्हारळ, वरप, कांब्यापर्यंत ज्यांची भातशेती आहे, किंवा ज्यांनी अलीकडे एकर-दोन एकर घेऊन आंबा-जांभूळ लावलं आहे, त्यांना माझं एकच सांगणं आहे. ट्रॅक्टर बघायला जायच्या आधी टेप घ्या आणि आपलं सर्वांत लहान खाचर मोजा. सातबाऱ्यावरचं एकूण क्षेत्र नको. सर्वांत लहान खाचर मोजा.

आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी आई शिंप्याला सांगते, बाही जरा लांब ठेवा, खाली दुमड घाला, पुढच्या वर्षीही चालला पाहिजे. त्यात शहाणपण आहे, कारण मूल वाढतं. पण ट्रॅक्टर घेतानाही आपण हाच हिशोब लावतो. पंधरा-वीस एचपीमध्ये भागेल, हे घरात सगळ्यांना कळत असतं. तरी 'पुढेमागे लागेल' म्हणून पंचेचाळीसचा दारात येतो. अहो, पण शेत वाढणार आहे का? तुमच्या आजोबांचं होतं ते वडिलांना आणि काकांना वाटून गेलं, आता भावाभावांत वाटतंय. इमारती नेवाळीच्या, कुळगावच्या पलीकडे सरकल्या. वडोदरा–मुंबई महामार्ग बदलापूरजवळून जातो आहे, त्यात काहींच्या जमिनी गेल्या. अंग दरवर्षी आटतंय आणि सदरा मात्र वाढत्या अंगाचा शिवून आणतोय आपण!

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चांगली गोष्ट आहे. पण वाचलेल्या पैशात जास्त एचपीचा ट्रॅक्टर आला तर त्या बचतीचा उपयोग काय? तेच पैसे अवजारावर घाला. आणि अनुदानाच्या भरवशावर मोठं माप धरू नका. अनुदानाला वरची मर्यादा असते. ट्रॅक्टर जितका महाग, तितका तुमच्या खिशातला वाटा मोठा.

आता मापाकडे येऊ. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. साधारण वीस फूट रुंद, चोपन्न फूट लांब असं एक खाचर धरा. कोंडेश्वरच्या वाटेला, मलंगगडाच्या पायथ्याला उताराच्या जमिनीत अशी गुंठ्याची, अर्ध्या गुंठ्याची खाचरं एकाखाली एक असतात. ४५ ते ५० एचपीचा ट्रॅक्टर अकरा-बारा फूट लांब असतो, मागे रोटाव्हेटर लावला की आणखी तीनेक फूट. वीस फुटांत तो वळणार कसा? पुढे-मागे, पुढे-मागे करत वळतो, बांधाला धडकतो, चारही कोपरे सोडून देतो. मग ते कोपरे कोण कुदळीनं करतं? घरातल्या बायका करतात. तासाचं डिझेल जळलं ते वळण्यात, नांगरट झाली मधल्या पट्ट्याची. लहान ट्रॅक्टर आठ-नऊ फुटांच्या आसपास असतो. तो त्याच खाचरात फिरतो.

बैलजोडीची ओढ दिवसभराच्या कामात जेमतेम एक एचपी धरतात. एक! तेवढ्या बळावर या पट्ट्यातली खाचरं पिढ्यानपिढ्या उखळली गेली, चिखलली गेली. वेळ लागायचा, हे खरं. बैल आता गावात बोटांवर मोजण्याइतके राहिले, तेव्हा यंत्र हवंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका एचपीनं होणारं काम लवकर व्हावं म्हणून पंधरा-वीस पुष्कळ झाले. पन्नासच्या मागे का लागायचं, हे मला कुणी समजावून सांगावं.

आता वजनाचं सांगतो. हे नीट ऐका, कारण विक्रेता हे सांगत नाही. भाताच्या खाचरात वरचा चिखल वीतभर असतो आणि त्याच्या खाली एक घट्ट थर असतो. वर्षानुवर्षं चिखलणी करून, पायांनी आणि नांगरानं दाबला जाऊन तो थर तयार झालेला असतो. त्या थरामुळे पाणी खाचरात उभं राहतं. तुमचं भात त्या थरावर उभं आहे म्हणा ना. पंधरा एचपीचा ट्रॅक्टर आठशे किलोच्या आसपास भरतो. पन्नास एचपीचा दोन टनांच्या घरात जातो. हे दोन टन जुलैच्या चिखलात घातले, त्यावर लोखंडी चाकं चढवली, की पहिल्या वर्षी चिखल झकास होतो. शेतकरी खूश. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो घट्ट थर जागोजागी फुटतो. मग पाणी जिरायला लागतं. आपण म्हणतो, यंदा पाऊस कमी पडला. पाऊस कमी नसतो, खाचराचं बूड गेलेलं असतं. आणि जिथे थर फुटला तिथेच पुढच्या वर्षी ट्रॅक्टर रुततो. त्याला ओढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो, तो आणखी जड असतो. हे बूड पुन्हा बसायला वर्षं जातात.

म्हणून चिखलणीसाठी हलका ट्रॅक्टर घ्या, आणि जमलं तर चारही चाकांना ओढ असलेला घ्या. वीस ते पंचवीस एचपीमध्ये असे ट्रॅक्टर मिळतात. पुढची चाकंही ओढतात, त्यामुळे मागचं चाक एकाच जागी फिरून खड्डा पाडत नाही. दोन चाकांच्या ओढीचा पंचवीस आणि चार चाकांच्या ओढीचा वीस असे दोन समोर असतील आणि तुमचं खाचर ओलं असेल, तर मी वीसवाल्याकडे बोट दाखवीन. माळावर, कोरड्या वरकस जमिनीत गोष्ट वेगळी.

शिंपी नुसती उंची घेत नाही. खांदा घेतो, छाती घेतो, मान घेतो, आणि सदरा अडतो तो नेहमी खांद्याला. तुमच्या शेताचा खांदा कुठे आहे, ते शोधा. मुळगाव, एरंजाडकडे अनेकांची शेतं रस्त्याला लागून नाहीत. दुसऱ्याच्या बांधावरून वाट आहे. त्या वाटेची रुंदी किती? ओढ्यावरचा मोरीचा पाइप किती वजन घेईल? जांभळाची खालची फांदी किती उंचीवर आहे? उभ्या सायलेन्सरचा ट्रॅक्टर बागेत घातला की फांद्या मोडतात. बागेसाठी आडव्या, खालून जाणाऱ्या सायलेन्सरचा मागा. शेजाऱ्याचा बांध ट्रॅक्टरनं फुटला म्हणून भांडणं झालेली मी पाहिली आहेत, आणि ती भांडणं ट्रॅक्टरचे हप्ते संपले तरी संपत नाहीत. तेव्हा वाट मोजा, मोरी बघा, आणि हो, सर्वांत लहान खाचर मोजा.

रोटाव्हेटरबद्दल थोडक्यात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहितात ती इंजिनची एचपी. मागच्या शाफ्टवर, म्हणजे पीटीओवर, रोटाव्हेटरला मिळते ती त्याहून कमी. विचारायची ती ही दुसरी. पंधरा ते वीसच्या ट्रॅक्टरला तीन-साडेतीन फुटी रोटाव्हेटर पेलतो, चोवीस-पंचवीसला चार फुटी. पण अवजार मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोचलं पाहिजे. नाहीतर प्रत्येक फेरीत एका चाकाची चाकोरी तशीच राहते. विक्रेत्याच्या दारात उभं राहून टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत टेप धरा. लाजू नका. कापड घेताना आपण दहा वेळा हात लावून बघतो, इथे तर लाखांचा व्यवहार आहे.

लहान ट्रॅक्टरचीही एक खोड आहे, ती लपवणार नाही. तो अरुंद असतो, म्हणून उतारावर आडवा चालवला तर लवकर कलंडतो. चाकांतलं अंतर वाढवता येतं का, ते बघा, आणि उताराच्या शेतात ते वाढवूनच ठेवा. बांध ओलांडताना तिरपं जाऊ नका, काटकोनात जा, आणि दोन्ही बाजूंना मातीचा उतार करून घ्या. मागे जड अवजार असताना उभ्या चढावर तोंड पुढे करून चढलात तर पुढची चाकं उचलतात. उलट्या गिअरमध्ये चढा, किंवा पुढे वजनं लावा. आणि पोराबाळांना मडगार्डवर बसवणं बंद करा. आवणीच्या दिवसांत रस्त्यानं जाताना हे रोज दिसतं आणि माझा जीव वरखाली होतो.

आता कुणी म्हणेल, ट्रॉलीचं काय? हेच तर मोठ्या ट्रॅक्टरमागचं खरं कारण असतं! विटा, रेती, खडी. आजूबाजूला बांधकामं चालली आहेत, भाडं मिळतं. मिळू द्या. पण मग तो ट्रॅक्टर वाहतुकीचा धंदा म्हणून घ्या, त्याचा हिशोब वेगळा मांडा, शेतीच्या नावावर टाकू नका. पंधरा एचपीच्या मागे मोठी भरलेली ट्रॉली मात्र कधीच लावू नका. ओढेल तो, पण उतारावर ट्रॉलीच त्याला ढकलत नेते. ब्रेक ट्रॅक्टरला असतात, वजन ट्रॉलीत असतं. यावर पुष्कळ सांगण्यासारखं आहे, पण घड्याळ पुढे चाललंय.

ज्यांनी उल्हासनगर-अंबरनाथमध्ये दुकान-कारखाना सांभाळत चामटोली, कासगावकडे दहा-वीस गुंठ्यांत बाग केली आहे, त्यांना हात जोडून सांगतो, ट्रॅक्टर घेऊच नका. पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं, हे खरं. त्याला पाठीवरचं किंवा हातातलं गवत कापायचं यंत्र पुरतं. वर्षातून एकदा नांगरट लागते, ती गावातल्या ट्रॅक्टरवाल्याकडून तासाच्या भाड्यानं करून घ्या. तेवढीच त्याची कमाई होईल आणि तुमची गावात ओळख होईल. एक-दीड एकर भात असेल तर पॉवर टिलर बघा. त्याच्यामागे चालावं लागतं, अंग दुखतं, सगळं मान्य. पण अर्ध्या गुंठ्याच्या खाचरात त्याच्याइतकं काही चालत नाही, आणि हलका असेल तर तो बांधावरून दोघांनी धरून उतरवता येतो. दोन ते पाच एकर असेल आणि खाचरं बरी असतील, तर पंधरा ते पंचवीस. त्याच्या वर जायचं असेल तर पाच-सहा शेजाऱ्यांनी एकत्र येऊन जा, अवजार बँक करा, एकट्यानं कर्ज काढू नका.

आणखी एक गोष्ट, जी खरं म्हणजे सुरुवातीलाच सांगायला हवी होती असं काही जण म्हणतील. चिखलणी करायलाच हवी का? आपल्याच रेल्वेमार्गावर, नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र बसवलं. त्यात एकदा गादीवाफे करायचे आणि मग दरवर्षी त्याच वाफ्यांवर भात टोकायचं. नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवणीही नाही. ज्याला हे करायचं असेल, त्याला ट्रॅक्टर लागतो तो वाफे करण्यापुरता. त्यासाठी कुणी सात-आठ वर्षांचा हप्ता भरतं का? स्वतः जाऊन बघा. कर्जतचं भात संशोधन केंद्रही लोकलच्याच वाटेवर आहे, तिथल्या तज्ज्ञांना आपल्या जमिनीचं वर्णन सांगा आणि विचारा. ट्रॅक्टरच्या दुकानात जायच्या आधी हे दोन फेरे मारा. या तंत्रात तण कसं आवरायचं, हा पुढचा प्रश्न येतो, पण तो आज घेता येणार नाही.

घ्यायचं ठरलंच, तर ट्रायल डांबरी रस्त्यावर घेऊ नका. रस्त्यावर सगळेच ट्रॅक्टर छान चालतात. विक्रेत्याला सांगा, पहिला पाऊस पडून खाचर भरलं की ये, माझ्या सर्वांत लहान खाचरात चालवून दाखव, रोटाव्हेटर लावून, दोन्ही टोकांना वळवून. नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे जा. चालवताना इंजिनचा आवाज दबतो का, वळताना किती वेळा मागे घ्यावा लागतो, कोपऱ्यात किती माती राहते, ते बघा. घरातल्या ज्या माणसाला तो रोज चालवायचा आहे, त्यालाच सीटवर बसवा. क्लचपर्यंत पाय पोचतो का, बघा. बाईमाणूस चालवणार असेल तर तिला बसवा.

आणि फिटर कुठला, हे सही करायच्या आधी विचारा. जुलैत आवणी अर्ध्यावर असताना सील फुटलं, आणि माणूस पुण्याहून येणार असेल, तर रोपं बांधावर वाळतात. कल्याण, मुरबाड किंवा कर्जत, यांपैकी कुठे त्या ट्रॅक्टरचे भाग ठेवलेले आहेत, त्या दुकानात स्वतः जाऊन फिल्टर आणि सील आहेत का, ते बघून या. विमा आणि कर्जाच्या कागदांबद्दल बोलायचं राहिलं, ते पुन्हा कधी बोलावलंत तर सांगेन. वेळ झाली.